भंतेजींनी अंथरलेलं फडकं

विहारातल्या बायांमध्ये पहिला मान यमुताईचा. तो तिला कुणी दिला नव्हता, तिनं घेतला होता, आणि परत मागायची शहरातल्या नंदनवन भागाच्या मागच्या त्या वस्तीत कुणाची छाती नव्हती. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतलेली बाई ती. घरी आल्याबरोबर तिनं घरातले सगळे देव टोपलीत घातले आणि नाल्यात नेऊन सोडले. शेजारणी घाबरल्या, "कोप होईन वं यमुमाय" म्हणाल्या. "होऊ द्या. इतके दिवस काय कौतुक होऊन राहिलं होतं?" असं म्हणून ही हात झटकत घरी आली. पुढं विहार बांधायचा ठरला तेव्हा तिनं डोक्यावर विटा वाहिल्या. दिवसभर बिड्या वळायच्या, लकडगंजच्या कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि येताना विहारापाशी थांबून दोन घमेली माती टाकायची, असा तिचा शिरस्ता होता. नवरा लवकर गेला, पोराला तिनं एकटीनं शिकवलं. अशी बाई मान विचारत बसत नाही, घेतच असते.

तिचा पोरगा विश्वनाथ टपाल खात्यात कारकून होता. बोधगयेला गेला असताना त्याला तिथं सयाम देशाचे एक भंते भेटले. नाव गुणवीर, वय तिशीच्या आसपास, बिहारात पाली शिकायला आलेले, मोडकंतोडकं हिंदी बोलणारे. विश्वनाथनं त्यांना गळ घातली, यंदाचा वर्षावास आमच्या विहारात करा. पावसाळ्याचे महिने भिक्खूनं एकाच जागी राहायचं असतं, एकदा बसला की अश्विनाच्या पुनवेपर्यंत जागा सोडायची नसते. भंतेजी हो म्हणाले. वस्तीला आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं वंदना म्हणायची ती एकमेकांकडं बघत, अडखळत. आता खरा भिक्खू, तोही बुद्धाच्या देशातला म्हणावा असा, आपल्या टिनाच्या छपराखाली राहणार!

पहिल्या दिवशी पुरुषांनी नुसती रेटारेटी केली. ज्याला त्याला भंतेजींच्या हातात आपलंच ताट द्यायचं होतं. बायांना पुढं यायला जागाच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पुरुष कामावर गेले आणि बायांची पाळी आली. सर्वांत पुढं अर्थातच यमुताई. पहाटे उठून तिनं पाटवडी केली होती. दीक्षेचं पांढरं लुगडं पेटीतून काढून नेसली होती. ताट दोन्ही हातांत धरून ती भंतेजींसमोर गुडघे टेकून बसली आणि तिनं ताट पुढं केलं.

भंतेजींचे हात पुढं आले, पण ताटाकडे नाही. त्यांनी खांद्यावरचं एक पिवळं फडकं काढलं, यमुताईच्या आणि आपल्या मधोमध जमिनीवर अंथरलं, त्याचा एक कोपरा बोटांनी धरला आणि नजर खाली घालून ते वाट बघत बसले. ताट फडक्यावर ठेव, असा त्याचा अर्थ होता. तो कळायला पाली यावी लागत नव्हती.

यमुताईचे हात हवेतच राहिले.

उमरेडकडच्या गावात ती सात-आठ वर्षांची असताना किराणा आणायला जायची. दुकानदार मिठाची पुडी ओट्यावर टाकायचा. पैसे तिनं ओट्यावर ठेवायचे. तो त्यावर पाणी शिंपडायचा आणि मग उचलायचा. तहान लागली तर विहिरीपासून लांब उभं राहायचं, ओंजळ करायची, कुणाला दया आली तर तो वरून पाणी सोडायचा. हातातून हातात काही म्हणजे काहीच द्यायचं नाही. हे सगळं ती विसरली होती असं नाही, पण ते त्या नाल्यात देवांबरोबर वाहून गेलं अशी तिची समजूत होती. आता ते तिच्यासमोर येऊन बसलं होतं, आणि तेही भिक्खूचं पिवळं चीवर घालून.

दुधानं तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं, तोंड त्यांचं भाजलेलं नसतं.

यमुताई उठली. ताट तसंच हातात घेतलं, वळली आणि बायांच्या रांगेतून वाट काढत बाहेर पडली. भंतेजींनी मान वर केली तेव्हा समोर रिकामी जागा होती, आणि एकेक करत बाकीच्या बायाही आपापली ताटं उचलून चालल्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं असावं, पण ऐकायला कुणी थांबलं नाही.

संध्याकाळी विश्वनाथ घरी आला तोवर वस्तीभर झालं होतं. यमुताई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. चूल थंड होती आणि सून शामला कोपऱ्यात पानं कातरत बसली होती.

"माय, तुहा गैरसमज झाला," विश्वनाथ उंबऱ्यातूनच म्हणाला. "त्यायच्या देशात भिक्खू बाईच्या हातातून काहीच घेत नाही. कोणत्याच बाईच्या. राणी आली तरी तिच्यापुढंबी फडकंच अंथरते. जातीपातीचं काही नाही त्यात."

यमुताईचा हात थांबला. "तुले कधी समजलं हे?"

विश्वनाथ खाली वाकून चपला काढू लागला.

"मी काय विचारून राहिली? कधी समजलं?"

"बोधगयेतच. त्यायनं सांगतलं होतं मले. म्हणाले, आधी बायायले समजावून ठेवा."

"मंग ठेवलं काहून नाही?"

"तू आली नसती विहारात."

"नसतीच आली!" यमुताईनं सूप बाजूला आपटलं. तंबाखू जमिनीवर सांडला. "म्हणून तू मले तशीच जाऊ देल्ली? साऱ्या बायायच्या समोर? मी अंगावर ते लुगडं घालून गेली, विश्वनाथ, ते लुगडं!"

लोकांचे निरोप गावोगाव पोचवणाऱ्या खात्यात पोरगा नोकरीला, आणि घरातला एवढा एक निरोप त्याच्यानं चुलीपर्यंत पोचवला गेला नाही. त्याला वाटलं होतं, रोज आपण पुढं होऊन ताट देऊ, कुणाच्या लक्षात येणार नाही. शिकलेल्या माणसाला असं फार वाटतं.

"माय, पण ते फक्त बाईमाणूस म्हणून..."

"वा रे वा! जात गेली, आता बाई राहिली. एक डाग धुतला तर दुसरा दाखवते." ती उभी राहिली. तिचा आवाज एकाएकी खाली आला, आणि तो ऐकून शामलाला जास्त भीती वाटली. "ऐक. माह्या चुलीवरचं अन्न आता त्या विहारात जाणार नाही. तुले न्यायचं असन तर बाजारातून ने."

त्या रात्री यमुताई जेवली नाही. राग होताच, पण रागाखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते तिला खात होतं. जुना धर्म तिनं स्वतःच्या हातानं नाल्यात सोडला होता. त्याच्याकडं परत जायची वाट तिनंच बंद केली होती आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण हाही तसाच निघाला, तर? साठीला आलेली बाई, ती आता जाणार कुठं? विटा वाहिल्या त्या कुणाच्या घरासाठी वाहिल्या? विहारातला तो शांत चेहऱ्याचा बुद्ध तिचा की फडकं अंथरणाऱ्यांचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला पोराकडून नको होतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या एकाही घरातून ताट गेलं नाही. पुरुष कुरकुरले, पण चुली बायांच्या हातात होत्या. पंचांपैकी लहानू वानखेडे यमुताईच्या घरासमोरच्या कौशल्याला समजवायला गेला, तर ती म्हणाली, "तुम्हीच रांधा ना काका, तुमच्या हातचं चालते त्याले." लहानू आल्या पावली परत गेला. विश्वनाथ कामावर जाता जाता केळी घेऊन विहारात गेला. भंतेजींनी केळी घेतली आणि विचारलं, "माताजी?" विश्वनाथनं मग सगळं सांगितलं. दुकानदाराचा ओटा, त्यावर टाकलेली पुडी, पैशांवर शिंपडलेलं पाणी. भंतेजी ऐकत राहिले. त्यांनी हातातलं केळं सोललंच नाही, असं विश्वनाथनं नंतर शामलाला सांगितलं.

त्याच्या पुढच्या सकाळी पुरुष कामावर गेल्यावर भंतेजी विहारातून बाहेर पडले. अनवाणी, खांद्याला झोळी, दोन्ही हातांत भिक्षेचं काळं पात्र धरलेलं. ते पहिल्या घरासमोर जाऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, वर पाहिलंही नाही. थोडा वेळ थांबून दुसऱ्या घरासमोर गेले.

वस्तीत कुजबुज झाली. कौशल्या तरुण बाई, जिभेला हाड नाही, ती रस्त्यात येऊन सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाहा वं, आता दारोदार मागून राहिला. आपले बाप-आजे गावात भाकर मागत हिंडत, ते बाबासाहेबांनी सोडायले लावलं. अन् हा आपल्यालेच मागाले आला!"

दारं लागत गेली. काही आपटून, काही हळूच. भंतेजी प्रत्येक बंद दारासमोर तितकाच वेळ उभे राहत आणि पुढं सरकत. पाऊस नव्हता, पण हवा कोंदलेली होती. त्यांच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. यमुताई आपल्या घरात दार अर्धं लोटून बसली होती. फटीतून तिला रस्ता दिसत होता. पान कातरायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. हात चालू होते, पण त्या सकाळी एकही बिडी धड वळली गेली नाही.

"माय, आपल्याइकडेच येऊन राहिले ते," शामला म्हणाली.

"येऊ दे."

"दोन दिवस झाले, पोटात अन्न नाही त्यायच्या."

"तुले आहे ना? मंग गप बस."

भंतेजी समोरच्या घरापाशी आले. ते कौशल्याचं घर. तिनं दार लावलं नाही. ती आत गेली आणि पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली.

"पानी? पानी पिओगे भंतेजी?"

भंतेजींनी मान हलवली. त्या दोन दिवसांत त्यांना कुणी काही विचारलं होतं ते एवढंच.

"अंजुली करो," कौशल्या म्हणाली. "ऐसे. नीचे बैठो."

त्यांना ते कळलं. त्यांनी पात्र झोळीत ठेवलं, रस्त्यावर उकिडवे बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडापाशी धरली. कौशल्या ओट्यावर चढली. तिनं गडवा डोक्याइतका उंच नेला आणि वरून धार सोडली. पाणी ओंजळीत पडलं, तोंडावर उडालं, मानेवरून चीवरात गेलं. भंतेजी पीत राहिले. ही इथली पाणी द्यायची पद्धत असावी, असंच त्यांना वाटलं असणार. बाया दारांच्या फटींतून बघत होत्या. कुणीतरी हसलं. मग आणखी दोघी हसल्या. पाणी संपल्यावर भंतेजींनी ओल्या तोंडानं वर पाहिलं आणि कौशल्याला हात जोडले.

हसणं तिथंच थांबलं.

यमुताई उठून कधी बाहेर आली ते तिचं तिला कळलं नाही. त्या उकिडव्या बसलेल्या माणसाची पाठ तिनं पाहिली होती. ती पाठ तिच्या बापाची होती. विहिरीपासून लांब तो असाच बसायचा, आणि पाणी पिऊन झाल्यावर असेच हात जोडायचा. लहानपणी तिला त्या पाण्यापेक्षा त्या जोडलेल्या हातांची जास्त लाज वाटायची. पण वरून धार धरणारा हात आपल्या माणसाचा असेल, हे तिनं कधी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

"कौशल्ये! ठेव तो गडवा खाली!"

"काहून?" कौशल्या फणकारली, पण आवाजात जोर नव्हता. "त्यानंच सुरू केलं ना, यमुमाय? मी आपली रीत पाळून राहिली."

"आपली नाही वं ती रीत. गाववाल्यायची होती. आपल्या अंगाले लागली असन तर धुऊन काढ."

कौशल्या ओट्यावरून उतरली. तिचे डोळे भरले होते, पण ते रागानं की कशानं, हे तिनं कुणाला बघू दिलं नाही. ती घरात गेली. यमुताई भंतेजींसमोर येऊन उभी राहिली. भिक्खूला अरे-तुरे करू नये हे तिला ठाऊक होतं, पण समोर बसलेला माणूस तिच्या पोरापेक्षा लहान होता आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"उठ बाप्पा. असं बसू नको. इथं असं बसायले लावणं म्हणजे... तुले नाही समजणार."

"समझा," भंतेजी उठत म्हणाले. "पीने के बाद समझा. सब हँसे, तब."

जी गोष्ट विचारायची म्हणून ती दोन दिवस जळत होती ती आता विचारायलाच हवी होती, नाहीतर ती पुन्हा कधी विचारणार नव्हती.

"एक सांग मले. ते फडकं. बुद्ध भगवान ने बोला था?"

खोटं सांगितलं असतं तर भंतेजी सुटले असते. "नहीं, माताजी. भगवान का नियम इतना, औरत को छूना नहीं. कपडा हमारे देश का रिवाज है."

"रिवाज," यमुताई म्हणाली. "आमच्या गावातबी सारे हेच म्हणत. दुकानदार म्हणे, पाटील म्हणे. कोणी नव्हतं म्हणत का आम्ही वाईट आहो. सारे म्हणत, आमचं काही नाही गा, रीत आहे."

तिनं ते मराठीतच म्हटलं. भंतेजींना किती कळलं कुणास ठाऊक, पण त्यांचा चेहरा उतरला.

"तुही माय आहे?"

"है."

"तीबी फडक्यावर ठेवते?"

"हाँ. मैं भिक्खू बना, उस दिन माँ खाना लाई. कपडे पर रखा. फिर मेरे पाँव के सामने झुकी." ते अडखळले. "उसके पहले, रोज अपने हाथ से खिलाती थी."

"रडली असन."

"वो नहीं रोई," भंतेजी म्हणाले. "मैं रोया. गुरुजी ने डाँटा."

रस्त्यात शेजारच्या दोन-तीन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी हसत नव्हतं.

भंतेजींनी झोळीतून पात्र काढलं. "विहार में बैठकर लूँ, तो कपडा लगता है. अकेला मैं नहीं छोड सकता. लेकिन दरवाजे पर आऊँ, तो हमारे यहाँ औरत अपने हाथ से सीधा पात्र में देती है. कपडा नहीं लगता. इसलिए आया."

इतक्या दारांसमोर हा माणूस उभा राहिला तो भुकेसाठी नाही, हे यमुताईच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याला तिच्या हातातून घ्यायचं होतं आणि त्याच्या रीतीत तेवढीच एक फट होती. त्या फटीतून यायला तो घरोघर अपमान सोसत आला होता. तरीही तिच्या मनातला काटा पुरता निघाला नाही, आणि तो निघाला असं तिनं दाखवलंही नाही.

"म्हणजे तू माह्या दारात आला तर माहा हात चालते. मी तुह्या विहारात आली तर नाही चालत. अन् विहाराच्या विटा मी वाहल्या."

भंतेजींना विटा हा शब्द कळला असावा. त्यांनी मान खाली घातली. "हाँ," एवढंच म्हणाले. समर्थन केलं नाही, आणि यमुताईला तेच पटलं. आयुष्यात तिला रीत समजावून सांगणारे रगड भेटले होते. चूक कबूल करून गप्प उभा राहणारा हा पहिलाच.

"तवा ऐका, भंतेजी," ती म्हणाली. "ते फडकं आहे तोवर मी विहारात ताट घेऊन येणार नाही. वंदनेले येईन, बुद्धाजवळ येईन, तो माहा आहे. पण ताट नाही. तुम्हाले माह्या हातचं खायचं असन तर इथं या. रोज या. हे दार लागणार नाही."

"आऊँगा," भंतेजी म्हणाले.

यमुताई घरात गेली. शामलानं न विचारता आधीच चूल पेटवली होती, त्याबद्दल सासू काही बोलली नाही. झटपट दोन भाकरी झाल्या, काल संध्याकाळचं वरण कढवून त्याला फोडणी बसली. हातावर भाकरी आणि वरणाची वाटी घेऊन यमुताई उंबऱ्याबाहेर आली. वस्ती बघत होती. कौशल्याही आपल्या दारात येऊन उभी होती, डोळे पुसून.

भंतेजींनी दोन्ही हातांनी पात्र पुढं धरलं. मध्ये काही नव्हतं, फडकं नव्हतं, ओटा नव्हता, नुसती हवा होती. यमुताई इतकी जवळ गेली की तिला त्यांच्या ओल्या चीवराचा वास आला. तिनं वरण ओतलं, भाकरी आत ठेवली. ठेवताना पात्राच्या काठावरची त्यांची बोटं तिच्या बोटांपासून तिळाएवढी दूर होती, आणि ती बोटं हलली नाहीत. मागं झाली नाहीत. शिवलं तर शिवू दे, अशी ती तिथंच राहिली.

यमुताईनंच आपली बोटं आवरून घेतली. औरत को छूना नहीं, हा त्याचा नियम होता, आणि तो बुद्धानंच घालून दिलेला होता. भुकेल्या पोरानं तिच्यापायी तो मोडावा, हे तिला नको होतं. जन्मभर तिनं बोटं आवरली होती ती दुसऱ्यांच्या धाकानं. आज आवरली ती स्वतःच्या मर्जीनं, आणि तेवढ्यानं तिला रडू आलं.

"खाऊन घ्या, भंतेजी," ती म्हणाली. "वरण गरम आहे."